खान्देशातून नाशिकच्या वायनऱ्या: शनिवार-रविवारची सहल नीट कशी आखायची

थंडी पडली, भरीत-पार्ट्या सुरू झाल्या, की कोणीतरी हमखास विचारतं, ‘भाऊ, त्या नाशिकच्या वायनऱ्या बघायच्यात, कसं जायचं?’ विचारणाऱ्यांत जिनिंगवाले असतात, प्राध्यापक असतात, नुकतं लग्न झालेली जोडपी असतात. वाइनचा थेंबही न घेणारे पण द्राक्षबाग बघायची हौस असलेले शेतकरीही असतात. त्या सगळ्यांसाठी हे एकदाचं लिहून काढतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दोन दिवसांत तीन वायनऱ्या पुष्कळ झाल्या. सहा-सात ठिकाणांची यादी खिशात घालून गेलात तर घरी आल्यावर फक्त पार्किंग आणि बिलं आठवतील.

१. आधी महिना ठरवा, मग तारीख

युरोपात द्राक्षतोडणी पावसाळा सरता-सरता होते, नाशिकला मात्र ती जानेवारी ते मार्चमध्ये होते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर फळछाटणी होते आणि माल थंडीच्या शेवटी तयार होतो. म्हणून जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ सगळ्यात चांगला. वेलींवर घड असतात, कारखान्यात द्राक्षं येत असतात, टाक्यांमध्ये रस आंबत असतो आणि वासानंच कळतं की काम चालू आहे. तोडणी बरेचदा पहाटे उरकतात, फळ थंड राहावं म्हणून. त्यामुळे दुपारी पोहोचून ‘तोडणी दाखवा’ म्हणालात तर रिकामी क्रेट्स बघायला मिळतील.

एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. मग बागेत नुसते खुंट उभे. पावसाळ्यात डोंगर हिरवे, गंगापूर धरण भरलेलं, हवा फार सुंदर, पण वेलीवर घड नाहीत. फोटोच काढायचे असतील तर पावसाळा उत्तम, वाइन कशी होते ते समजून घ्यायचं असेल तर नाही.

टाळायच्या तारखा:

- ३१ डिसेंबरच्या आसपासचे दिवस आणि सुलाफेस्टचा (सुला वायनरीच्या संगीत महोत्सवाचा) शनिवार-रविवार. संगीत ऐकायला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर त्या गर्दीत शांतपणे काही बघणं होत नाही.
- ड्राय डे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सगळ्यांना ठाऊक असतात. फसायला होतं ते निवडणुकीत. मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीच्या दिवशी विक्री बंद असते. २६ जानेवारीला जोडून लांब सुट्टी आली की लोक हॉटेल बुक करतात आणि नेमक्या त्या दिवशी टेस्टिंग, म्हणजे वाइन चाखणं, बंद सापडतं.
- चैत्र पौर्णिमेच्या आधीचे दिवस. सप्तशृंगीच्या गडाकडे अख्खा खान्देश पायी निघालेला असतो. रस्त्याच्या कडेनं भगवे झेंडे, डीजेच्या गाड्या, पाणी वाटणारे मंडप. गाडी हळूच चालवावी लागते, आणि तशीच चालवावी.
- २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ आहे. पर्वण्यांच्या दिवसांत नाशिकला जायचं ते सिंहस्थासाठीच, वायनरीसाठी नाही.

२. जवळ काय काय हवं

कागदपत्रं फार नाहीत, पण नसली की अडतं.

- प्रत्येकाचं वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र. महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं. कॉलेजातला भाचा सोबत असेल तर त्याला आधीच सांगा, तिथे तोंड वाकडं करण्यात अर्थ नाही.
- मद्यसेवन परवाना. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं आपल्या राज्यात परवाना लागतो, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. एका दिवसाचा परवाना साधारणपणे विक्रीच्या ठिकाणीच मिळतो. वर्षाचा किंवा कायमचा हवा असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे अर्ज करा.
- बुकिंगचे मेसेज मोबाइलमध्ये जपून ठेवा. द्राक्षपट्ट्यात काही ठिकाणी रेंज गुल होते, म्हणून स्क्रीनशॉट काढलेला बरा.
- परतीसाठी थर्माकोलची किंवा प्लास्टिकची बर्फपेटी आणि दोन जुने टॉवेल. हे कशासाठी ते पुढे आठव्या मुद्द्यात.
- स्वेटर. जळगावच्या थंडीवरून नाशिकच्या थंडीचा अंदाज बांधू नका. जळगाव समुद्रसपाटीपासून साधारण २०० मीटरवर, नाशिक ६०० च्या आसपास. सूर्य मावळला की धरणाकाठचं वारं अंगात शिरतं. याच गार रात्रींमुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो आणि तिथे वाइनची द्राक्षं जमतात.
- मातीत चालण्याजोगे बूट.

आणि एक न न्यायची गोष्ट: अत्तर, डिओ, उग्र सेंट. टेस्टिंगमध्ये अर्धं काम नाकाचं असतं. तुमच्या सेंटमुळे शेजारच्या टेबलाचाही विचका होतो.

३. जायचं कसं

जळगाव, भुसावळ, पाचोरा, चाळीसगावच्या लोकांनी सरळ रेल्वे धरावी. जळगावहून नाशिक रोडला एक्सप्रेसनं तीन-साडेतीन तास लागतात. फक्त गाडी बघून चढा. महाराष्ट्र एक्सप्रेस आपल्या स्टेशनांवर ओळखीची आहे, पण ती मनमाडहून दौंडकडे वळते, नाशिकला जात नाही. धुळेकरांनी चाळीसगावला जाऊन गाडी बदलण्यापेक्षा रस्त्यानं जावं.

रेल्वेची एक अडचण आहे. नाशिक रोड स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि गंगापूरकडच्या वायनऱ्या दुसऱ्या टोकाला. मध्ये अख्खं शहर. एसटी तुम्हाला सीबीएस किंवा ठक्कर बाजार या बसस्थानकांवर सोडते, तिथून गंगापूर रोड जवळ पडतो. महिलांना अर्धं तिकीट आहे, हाही हिशोब धरा. मैत्रिणींचा ग्रुप असेल तर एसटीच स्वस्त आणि सोयीची.

स्वतःची गाडी असेल तर जळगावकरांनी पारोळ्यावरून धुळे गाठावं आणि तिथून मुंबई-आग्रा महामार्ग: लळिंग, मालेगाव, राहुड घाट, चांदवड, पिंपळगाव बसवंत, नाशिक. धुळ्याहून साधारण १६० किलोमीटर, जळगावहून अडीचशेच्या घरात. महामार्गावर टोलनाके आहेत, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. नंदुरबारकरांना दोन रस्ते: दोंडाईचावरून धुळ्याला येऊन महामार्ग, किंवा साक्री, पिंपळनेर, सटाणा करत. दुसरा जवळचा वाटतो, पण रात्री नवख्यानं त्या रस्त्यानं जाऊ नये.

शुक्रवारी संध्याकाळी निघून मुक्कामाला पोहोचणं सगळ्यात चांगलं. शनिवारी पहाटे निघालात तर पोहोचेपर्यंत अकरा वाजतात, आणि त्याच सुमारास मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते.

४. गाडी कोण चालवणार, हे घरूनच ठरवा

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. ‘थोडीशीच तर घेतली’ हे वाक्य पोलिसांपुढे चालत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा होतो. पहिल्याच खेपेला १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे साध्या बिअरच्या दुप्पट-अडीचपट. चव गोडसर म्हणून ती हलकी असते असं नाही.

दोनच उपाय आहेत. एक, ग्रुपमध्ये न पिणारा माणूस चालक. त्याला ‘एक घोट घे रे’ म्हणून छळू नका, आणि त्याचं जेवण सगळ्यांनी मिळून द्या. दुसरा, स्वतःची गाडी हॉटेलवर ठेवून दिवसभरासाठी टॅक्सी करा. आम्ही हल्ली हेच करतो. ॲपवरची टॅक्सी जाताना मिळते, पण रात्री सावरगाव रोडवरून परत येताना मिळेलच याचा नेम नाही. म्हणून दिवसभराची ठरवा: वेळ, ठिकाणं, थांबण्याचे पैसे, सगळं निघण्याआधी बोलून घ्या. रिक्षा करणार असाल तर भाडं आधी ठरवा.

५. कुठल्या वायनऱ्या निवडायच्या

नवख्यांनी दोन बाजू ध्यानात ठेवाव्यात, आणि एका दिवशी एकच बाजू करावी.

*गंगापूर बाजू.* नाशिक शहराला लागून, गंगापूर-सावरगाव रोडवर. इथे सुला आहे. राजीव सामंत यांनी उभी केलेली ही कंपनी, तिची पहिली वाइन २००० साली आली, आणि २००५ मध्ये तिनं लोकांसाठी टेस्टिंग रूम उघडली. वायनरीला सहल काढायची ही रीत आपल्याकडे तिथूनच रुळली. सगळं सुसज्ज आहे: फेरफटका, दुकान, जेवण, मुक्काम. पण शनिवारी दुपारनंतर तिथे जत्रा असते. सकाळी उघडता-उघडता जा, पहिली टूर घ्या, जेवणाआधी बाहेर पडा.

तिथून जवळच यॉर्क आहे. २०२१ मध्ये सुलानंच ती घेतली, तरी आकारानं छोटी आणि निवांत. वर बसलं की धरणाचं पाणी दिसतं. संध्याकाळी पाच-साडेपाचला तिथे जा. त्याच बाजूला सोमा व्हाइन व्हिलेज आहे, मुक्कामाची सोय असलेलं. माझं मत विचाराल तर सकाळी सुला, दुपारी हॉटेलवर झोप, संध्याकाळी यॉर्क. झाला दिवस.

*सांजेगाव बाजू.* मुंबईच्या दिशेला, इगतपुरी तालुक्यात. इथे व्हॅलोन आणि ग्रोव्हर झाम्पा. व्हॅलोन लहान आहे, मोजकी माणसं असतात, समजावून सांगायला त्यांना वेळ असतो. ज्यांना खरोखर शिकायचंय त्यांनी रविवारची सकाळ इथे घालवावी. आधी फोन केल्याशिवाय जाऊ नका. शेवटचा रस्ता गावातून जातो, आणि दारावरून परत फिरणं जिवावर येतं.

लासलगाव-निफाडकडून येणाऱ्यांना विंचूरचं वाइन पार्क रस्त्यात लागतं. ते एमआयडीसीचं औद्योगिक क्षेत्र आहे, सहलीचं ठिकाण समजून तिथे उतरू नका. पाहुण्यांना घेतात का, ते त्या-त्या वायनरीला विचारूनच वळा.

लहान मुलं सोबत असतील तर बुकिंग करतानाच सांगा. बऱ्याच ठिकाणी आवारात आणि जेवणाला मुलं चालतात, टेस्टिंगला अर्थातच नाही. पण मुलं दोन तासांत कंटाळतात. त्यांच्यासाठी वाटेत सोमेश्वरचं मंदिर आणि धबधबा आहे.

६. बुकिंग

टूर आणि टेस्टिंगची वेळ आधी घ्या. शनिवार-रविवारी दर वेगळे असतात, काही ठिकाणी आत जायलाही पैसे लागतात. फोनवर चार प्रश्न विचारा: टूर किती वाजता, टेस्टिंगमध्ये किती वाइन, प्रवेशशुल्क आहे का, आणि ते खरेदीत वळतं होतं का. वायनरीच्या आवारातला मुक्काम शनिवारी महाग असतो. गंगापूर रोडवर साध्या हॉटेलांना तोटा नाही. जमत असेल तर रविवार-सोमवार करा, दर आणि गर्दी दोन्ही उतरतात.

७. आत गेल्यावर

पोटात काहीतरी घालून जा. नाशिकला आहात तर सकाळी मिसळ होणारच, पण टेस्टिंगच्या आधी झणझणीत मिसळ खाल्ली तर जीभ तासभर दुसरं काही ओळखणार नाही. त्या दिवशी पोहे खा, मिसळ रविवारी परतताना.

टूरमध्ये स्टीलच्या मोठ्या टाक्या, द्राक्ष चेपायचं यंत्र, ओक लाकडाची पिंपं दाखवतात. आपल्या भागातले बरेच जण शेतकरी घरातले, म्हणून बागेत थोडं रेंगाळा. ठिबकच्या नळ्या बघून जळगावकराला घरच्यासारखं वाटेलच. पण द्राक्ष हातात घेऊन बघा: आपण खातो त्या थॉमसन किंवा सोनाकासारखं ते लांबट आणि बिनबियांचं नसतं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. एकरी किती टन काढता, असं विचारा. उत्तर ऐकून चकित व्हाल, कारण इथे मुद्दाम वेलीवर माल कमी ठेवतात, म्हणजे चव दाट येते. केळीची रास आणि कापसाचे क्विंटल मोजणाऱ्या आपल्या डोक्याला हे पचायला जरा वेळ लागतो.

रंगाचं कोडंही इथेच सुटतं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस आतून पांढुरकाच असतो. सालीसकट आंबवला की लाल वाइन, रस आधीच गाळून घेतला की पांढरी, साल थोडाच वेळ ठेवली की रोझे. स्पार्कलिंगमध्ये बुडबुडे येतात ते दुसऱ्यांदा आंबवल्यामुळे.

टेस्टिंगला प्रत्येक वाइनचा थोडा घोट मिळतो. त्याला पेग समजू नका आणि ‘जरा भरून टाका ना दादा’ असं म्हणू नका. पेल्याची दांडी धरा, उजेडात रंग बघा, पेला फिरवा, वास घ्या, मग लहान घोट तोंडात घोळवा. समोर ठेवलेलं भांडं थुंकण्यासाठी असतं. त्यात थुंकणं किंवा उरलेलं ओतणं अजिबात अपमानाचं नाही, उलट जाणकार तेच करतात. मधेमधे पाणी प्या.

क्रम साधारण असा असतो: स्पार्कलिंग, पांढरी, रोझे, लाल, शेवटी गोड. पहिल्यांदाच घेत असाल तर पांढऱ्यांतली शेनिन ब्लां आवडायची शक्यता जास्त, ती जराशी गोडसर, फळासारखी लागते. सोव्हिन्याँ ब्लां कोरडी, हिरव्या वासाची. लाल शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ जिभेला तुरट ओढतात. ही तुरटी सालीतून आणि बियांतून येते, तो बिघाड नसतो. आवडली नाही तर नाही म्हणा. बरोबरचा मित्र ‘चेरीचा वास येतोय’ म्हणाला म्हणून तुम्हालाही यायलाच हवा असं नाही. चेरी आपण खाल्ली किती वेळा?

८. खरेदी, आणि ती घरापर्यंत नेणं

वायनरीच्या दुकानात बाहेर सहसा न मिळणाऱ्या बाटल्या असतात, त्या घ्या. जळगाव-धुळ्याच्या दुकानांत मिळते तीच बाटली ओझं करून आणण्यात काही हशील नाही. २०२२ मध्ये किराणा सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय सरकारनं घेतला होता, पण तो अमलात आला नाही. त्यामुळे आपल्याकडे निवड अजून मर्यादितच आहे. पेले, कॉर्क काढायचा स्क्रू हेही दुकानात मिळतं. स्क्रू घ्या, पेले घेताना विचार करा, कारण ते डिकीत फुटतात. बाटलीवरचं वर्ष बघा: हलकी पांढरी वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवायची असते, जुनी म्हणून जास्त चांगली असं नसतं. बिल जपून ठेवा, परत येताना गाडी तपासली तर तेच दाखवायचं.

वाइनशिवायची खरेदी: नाशिकचा चिवडा, आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजूला बेदाणे. घरच्या मोठ्यांसाठी हेच न्या. ‘त्र्यंबकला जाऊन आलो’ असं सांगितलेलं असेल तर प्रसादही घ्या, आणि खरंच दर्शन घेऊन या.

आता दोन सापळे, दोन्ही खास आपल्या भागाचे.

पहिला गुजरातचा. नंदुरबार-नवापूरचे लोक येताना ‘सापुतारा बघून जाऊ’ म्हणतात. सापुतारा गुजरातेत आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. डिकीत वाइन असेल तर तो रस्ता विसरा, महाराष्ट्रातून-महाराष्ट्रातूनच घरी या. नवापूर स्टेशनाचा तर अर्धा भाग गुजरातेत मोडतो. सुरतेकडून फिरून येणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. रेल्वेनं येत असाल तर बाटल्या बॅगेत बंद राहू द्या. डब्यात नशेत सापडणं हा रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे.

दुसरा सापळा उन्हाचा. फेब्रुवारीअखेरपासूनच दुपारी बंद गाडीची डिकी भट्टी होते. मालेगावला जेवायला तास-दीड तास थांबलात तेवढ्यात वाइन शिजते, कॉर्क वर सरकतो, चव मरते. म्हणून ती बर्फपेटी. बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून पेटीत, पेटी सीटच्या खाली, एसीच्या वाऱ्यात. जेवायला थांबलात तर सावलीत गाडी लावा, किंवा पेटी सोबत घेऊन उतरा. हॉटेलवाला काही म्हणत नाही.

घरी आल्यावर शोकेसमध्ये मांडू नका. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात काचेच्या कपाटातली बाटली टिकत नाही. कॉर्कची बाटली आडवी, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. वाइनची वेगळी कपाटं मिळतात, पण चार बाटल्यांसाठी तो खर्च कशाला? फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि उन्हाळ्याआधी संपवा. लाल वाइन पिण्याआधी वीसेक मिनिटं बाहेर काढा. उघडलेली बाटली झाकण लावून पुन्हा फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायची. त्यानंतर ती आंबट होत जाते.

आणि सोबत काय खायचं, हे सगळेच विचारतात. आपली शेवभाजी आणि तुरट लाल वाइन एकत्र घेतली तर तिखट दुप्पट झोंबतं. शेवभाजीबरोबर थंडगार, गोडसर शेनिन ब्लां घ्या. भरीत आणि कळण्याच्या भाकरीला रोझे चालते, मिरच्या जरा हात राखून घातल्या असतील तर. लाल वाइन मटणाच्या दिवशी काढा, आणि काळ्या मसाल्याचा रस्सा असेल तर सुक्याबरोबरच घ्या, रश्श्याबरोबर नाही.